कसं केलंस, सांग बघू

बावन्न वजा अडतीस. तिसरीतल्या मुलानं पाटीवर उत्तर लिहिलंय, सव्वीस. मॅडम त्याच्या शेजारी सतरंजीवर बसतात. पाटीवर फुली मारत नाहीत, बरोबर उत्तरही सांगत नाहीत. "कसं केलंस, सांग बघू," एवढंच विचारतात.

"आठातनं दोन गेलं, सहा उरलं. पाचातनं तीन गेलं, दोन उरलं."

"आणि दोनातनं आठ?"

मुलगा मॅडमकडे जरा आश्चर्यानंच बघतो. "मोठ्यातनं बारकं वजा करायचं आसतंय की मॅडम. तुमीच सांगितलंय."

सांगितलेलं असतंच, पहिलीत, एकअंकी वजाबाकी शिकवताना. मुलानं तो नियम इमानेइतबारे पाळलाय. त्याच्या डोक्यात गोंधळ नाही, एक पक्का नियम आहे आणि तो नको तिथं लावलेला आहे. दहा वेळा 'चूक' म्हटलं तरी तो हलणार नाही, कारण त्याच नियमानं पहिलीत त्याची सगळी गणितं बरोबर आली होती.

मॅडम काड्यांचा डबा पुढे सरकवतात. दहा-दहा काड्यांचे रबर लावलेले गठ्ठे आणि काही सुट्या काड्या. मुलगा पाच गठ्ठे आणि दोन सुट्या मांडतो. "यातल्या आठ सुट्या मला दे." तो त्या दोन काड्यांकडे बघत राहतो. शेजारच्या मुलीला राहवत नाही, "गठ्ठा सोड की!" मॅडम तिला हातानंच थांबवतात. बराच वेळ जातो. मग तो आपणहून एका गठ्ठ्याचा रबर काढतो. बारा सुट्या झाल्या, त्यातल्या आठ मोजून देतो. उरलेल्या चार गठ्ठ्यांतले तीन बाजूला करतो. पुढ्यात एक गठ्ठा आणि चार काड्या. पाटीवरचे सव्वीस पुसून चौदा लिहितो. हातच्याच्या वजाबाकीची कागदावरची रीत मॅडम त्याला सांगणार आहेत, पण दोन दिवसांनी. आज नाही.

ही शाळा सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातली, एका वाडीवरची. जिल्हा परिषदेची, द्विशिक्षकी, पहिली ते चौथी. मॅडम आणि त्यांचे सहकारी सर, दोघांत चार वर्ग. 'बदलती शाळा' या विषयावर लिहा, असं संपादकांनी कळवलं तेव्हा मला अशीच शाळा बघायची होती: कुठला पुरस्कार न मिळालेली, वर्तमानपत्रात न झळकलेली, तरीही भिंतीवर टीव्ही आणि कपाटात टॅब असलेली. मॅडमनी एकच अट घातली, माझं नाव नको आणि मुलांचंही नको. ती मला मनापासून पटली.

मुलाला केंद्रस्थानी ठेवणं म्हणजे तुमच्या लेखी काय, असं मी त्यांना विचारलं. प्रशिक्षणात ऐकवतात तसं उत्तर त्यांनी दिलं नाही. "पोरगं काय विचार करतंय ते मला कळलं पाहिजे. ते कळायला मला त्याच्याजवळ बसायला वेळ पाहिजे. जी वस्तू मला तो वेळ मिळवून देते ती वर्गात राहील. जी वेळ खाते ती कपाटात." त्यांची सगळी शिक्षणदृष्टी एवढ्यात येते, आणि या कसोटीला माझ्या मते तोड नाही.

भिंतीवरचा टीव्ही

२२ जून २०१५ला 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र'चा शासन निर्णय निघाला. प्रत्येक मूल शिकलं पाहिजे, हे त्याचं सूत्र. शहापूर तालुक्यातल्या पष्टेपाड्याच्या शाळेचं नाव डिजिटल शाळा म्हणून तेव्हा गाजत होतं. पाठोपाठ राज्यभर लाट आली. गावोगावी लोकवर्गणी निघाली, माजी विद्यार्थ्यांनी पैसे पाठवले, कित्येक शिक्षकांनी खिशाला चाट लावून प्रोजेक्टर घेतले. त्या उत्साहात खरी तळमळ होती, ती कमी लेखू नये. पण वस्तू आणणं सोपं, ती चालू ठेवणं कठीण. इन्व्हर्टरची बॅटरी काही वर्षांत बसते आणि नव्या बॅटरीसाठी कुणी वर्गणी देत नाही. वीजबिल थकलं की जोडणी तुटते. चोरीच्या भीतीनं टीव्ही लोखंडी कपाटात जातो, आणि कुलूप काढून तारा जोडेपर्यंत अर्धा तास गेलेला असतो. याच दौऱ्यात एका शाळेत मी असा कुलपातला टीव्ही पाहिला. वरचं प्लास्टिकचं आवरणही काढलेलं नव्हतं.

जिथं टीव्ही चालू असतो तिथंही त्याचा वापर बहुधा एकच: कविता लावायची, मुलांनी बघायची. चाल गोड असते, चित्रं हलतात, वर्ग शांत बसतो. शांत बसलेल्या वर्गाला आपल्याकडे चांगला वर्ग म्हणतात.

मॅडमच्या वर्गात टीव्ही दिवसातून जेमतेम पंधरा मिनिटं लागतो, आणि त्यावर बहुतेक वेळा मुलांचंच काम दिसतं. वजाबाकीच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी 'सव्वीस'वाली पाटी टीव्हीवर दाखवली. मुलाची मूळ पाटी नव्हे. तेच गणित त्यांनी स्वतःच्या हातानं दुसऱ्या पाटीवर उतरवून मोबाइलवर फोटो काढला होता, कारण तिसरीतली पोरं एकमेकांचं अक्षर लांबून ओळखतात. "हे कुणीतरी असं सोडवलंय. त्यानं काय विचार केला असेल?" वर्गात एकदम गलका उठला. कुणी म्हणालं, बेरीज केलीय. कुणी म्हणालं, उगंच लिहिलंय. सगळ्यात आधी नेमकं कारण सांगितलं ते कालच्या त्याच मुलानं: "त्यानं मोठ्यातनं बारकं काढलंय. गठ्ठा सोडायचा राहिला." आपली चूक दुसऱ्याची म्हणून पुढं आली तेव्हा त्याला ती समजावून सांगता आली. हे काम फळ्यावरही झालं असतं, मॅडमही ते मान्य करतात. टीव्हीनं एवढंच केलं की फळ्यावर लिहिण्यात जाणारा वेळ वाचला आणि त्या मुलांकडे तोंड करून बसू शकल्या.

बोर्डी, कोल्हापूर, कुमठे

मुलापासून सुरुवात करायची ही रीत आपल्याकडे शासन निर्णयानं आलेली नाही. भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम करणाऱ्या ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, तिथं अनुताई वाघ त्यांच्यासोबत आल्या, आणि पुढं काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. महागडी परदेशी साधनं परवडणारी नव्हती, म्हणून शंख-शिंपले, बिया, खडे, पानं हीच साधनं झाली. मुलं गुरं राखायला जातात आणि शाळेत येत नाहीत, तर शाळाच कुरणावर न्यायची, हा त्यांचा कुरणशाळेचा प्रयोग. कोल्हापुरात लीलाताई पाटलांनी १९८५ साली सृजन आनंद विद्यालय काढलं आणि मुलांच्या अनुभवातून, प्रश्नांतून शिकवता येतं हे वर्षानुवर्षं रोजच्या वर्गात करून दाखवलं.

मॅडमच्या कामाला वळण लागलं ते मात्र त्यांच्याच जिल्ह्यातल्या कुमठे बीटमुळे, म्हणजे एका विस्तार अधिकाऱ्याकडच्या शाळांच्या गटामुळे. विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांनी तिथल्या जिल्हा परिषद शाळांत आणि अंगणवाड्यांत शिक्षकांना हाताशी धरून ज्ञानरचनावादाचं काम उभं केलं. मुलाच्या डोक्यात माहिती ओतता येत नाही, जुन्या अनुभवाशी नवा अनुभव जोडून ते आपलं ज्ञान आपण रचतं, हा त्यामागचा विचार. राज्यभरातून शिक्षक गाड्या करून कुमठ्याला गेले. मॅडमही गेल्या होत्या.

परत येताना बहुतेकांनी फोटो आणले. गावोगावच्या फरशा रंगल्या: संख्यारेषा, अक्षरांच्या चौकटी, शब्दडोंगर. रंगकाम करणाऱ्यांना मोठी कामं मिळाली. कुमठ्याच्या बाई मुलाशी काय बोलतात, कधी गप्प राहतात, ते फोटोत येत नाही, म्हणून ते मागंच राहिलं. पुष्कळ शाळांत आज त्या रंगीत फरशीवर सतरंजी अंथरलेली असते आणि मुलं फळ्याकडे तोंड करून रांगेत बसलेली असतात. या जागी मॅडम थोड्या चिडतात. "रंग दिला की ज्ञानरचनावाद झाला, टॅब दिला की डिजिटल झालं. मुलाला प्रश्न कोण विचारणार?"

स्वतःचा आवाज

मॅडमकडे एक जुना मोबाइल आहे. काच तडकलेली, सिमकार्ड नाही. वर्गातलं सगळ्यात मोलाचं यंत्र कुठलं विचाराल तर मी हेच सांगेन.

व्हरांड्याच्या टोकाला एक पोतं अंथरलेलं आहे. दुसरीतली एक मुलगी पुस्तक आणि तो मोबाइल घेऊन तिथं बसते, रेकॉर्डिंगचं बटण दाबते आणि वाचायला लागते. एकेका शब्दावर बोट. "आजी… नं… पोळी… गा… गाईला… दिली." चार ओळी झाल्या की बटण बंद, आणि मोबाइल कानाला. ती स्वतःचंच वाचन ऐकते. पहिल्यांदा ओठ दाबून हसते, मग कपाळाला आठी पडते. मी विचारलं, काय ऐकू आलं? "मी लई थांबतीया. आजीनं हे आख्खं म्हणायला पायजे." पुन्हा बटण. या वेळी 'आजीनं' आणि 'गाईला' एका दमात येतात, 'पोळी'वर बोट थांबत नाही. तिसऱ्या वेळेला बोटच निघून जातं.

या वेळात मॅडम तिच्याजवळ नव्हत्या. त्या खोलीत पहिलीच्या चार मुलांबरोबर अक्षरांच्या चिठ्ठ्या मांडत होत्या. बहुवर्ग शिकवणाऱ्या शिक्षकाची रोजची अडचण हीच: एका गटाजवळ बसलं की बाकीचे तीन गट वाऱ्यावर. म्हणून मग 'धडा दहा वेळा लिहा' असली कामं दिली जातात, मुलांना गुंतवून ठेवण्यापुरती. इथं मुलगी गुंतलेली होती, पण स्वतःच्या वाचनाची पारख करण्यात. वाचताना सगळं लक्ष अक्षरं जुळवण्याकडे असतं, त्यामुळे आपण कसं वाचतो ते मुलाला ऐकूच येत नाही. रेकॉर्डिंग त्याला ऐकणाऱ्याच्या जागी नेऊन बसवतं.

दर महिन्याला प्रत्येक मुलाचं एक वाचन मॅडम जपून ठेवतात. पालकसभेत ते लावतात, आधी जूनचं, मग आत्ताचं. प्रगतिपुस्तकातली 'वाचनात प्रगती आहे' ही वर्णनात्मक नोंद इथल्या अनेक आज्यांना वाचता येत नाही. नातवाचा जूनमधला अडखळता आवाज आणि दिवाळीच्या तोंडावरचा सरळ आवाज मात्र त्यांना समजतो. एका आजींनी तर मॅडमना विचारलं होतं, मधे दोन महिने त्याचं तसंच का हुतं? पालकाकडून इतका अचूक प्रश्न यावा, याहून शाळेला काय हवं?

यंत्र कुठं चालतं

यंत्रानं मुलांचं शिकणं सुधारतं का, हे जगभर पुरेसं पाहून झालेलं आहे. पेरू देशानं खेड्यांतल्या शाळकरी मुलांना मोठ्या प्रमाणावर लॅपटॉप दिले. ३१९ शाळांचा अभ्यास झाला तेव्हा दिसलं की मुलं कॉम्प्युटर सराईतपणे वापरू लागली, पण गणित आणि भाषेत काही फरक पडला नाही. शिकवण्याची पद्धत होती तीच राहिली होती. याउलट दिल्लीत सहावी ते नववीच्या मुलांसाठी शाळेनंतरच्या केंद्रांत 'माइंडस्पार्क' हे सॉफ्टवेअर वापरलं, तिथं गणित आणि हिंदी दोन्हींत चांगली सुधारणा झाली. दीड तासातला निम्मा वेळ मूल कॉम्प्युटरवर असे, निम्मा वेळ शिक्षकाबरोबर छोट्या गटात. ते सॉफ्टवेअर सातवीतल्या मुलाला सातवीचं गणित देत नव्हतं. तो चौथीच्या पातळीवर असेल तर तिथून सुरुवात करत होतं.

'प्रथम' ही संस्था हेच काम कुठल्याही यंत्राविना करत आलीय. मूल अक्षरावर आहे, शब्दावर आहे की परिच्छेदावर, ते एका कागदावर पाहायचं आणि इयत्ता बाजूला ठेवून त्या पातळीचे गट करायचे. दोन्हीकडे सूत्र एकच, मूल जिथं उभं आहे तिथं आधी जायचं. दिल्लीतल्या यंत्राला ते जमत होतं म्हणून ते उपयोगी पडलं.

मॅडमच्या कपाटात दोन टॅब आहेत, एक कायमचा बंद. चालू टॅबवरचं गणिताचं ॲप चार पर्याय देतं. मुलं काय करतात ते मॅडमनी मागं उभं राहून पाहिलं. पहिला पर्याय दाबायचा, लाल झाला की दुसरा, मग तिसरा. हिरवा होईतोवर दाबत राहायचं. शेवटी पडद्यावर चांदण्या पडतात आणि 'शाब्बास' ऐकू येतं. ॲपच्या हिशेबी गणित आलं. आता टॅब दोघांत एक असा मिळतो आणि नियम असा की एकानं उत्तर आणि त्याचं कारण बोलून दाखवायचं, दुसऱ्याला पटलं तरच त्यानं बोट लावायचं. पटलं नाही तर भांडायचं. टॅब कमी पडतात म्हणून ही सोय निघाली, पण उद्या वीस टॅब मिळाले तरी जोडी मोडणार नाही, असं त्या ठामपणे सांगतात.

रणजितसिंह डिसले यांचं नाव अशा वेळी निघतंच. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत त्यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले. डिसेंबर २०२० मध्ये त्यांना दहा लाख डॉलरचा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांत वाटली. बालभारतीच्या पुस्तकांत आता क्यूआर कोड असतात, ते दीक्षा ॲपमधून उघडतात. न समजलेला भाग मूल हवा तितक्या वेळा ऐकू शकतं, हा त्यातला खरा लाभ. वर्गात "परत सांगा" म्हणायला लाजणारी मुलं पुष्कळ असतात. पण या वाडीवर घरातला एकच स्मार्टफोन बापाच्या खिशात रानात जातो आणि संध्याकाळी परत येतो तेव्हा चार्जिंग नसतं, किंवा रेंज. म्हणून मॅडम ते धडे शाळेतच उतरवून घेतात आणि त्या तडकलेल्या मोबाइलवर ठेवतात.

विहिरीची दोरी

चौथीच्या परिसर अभ्यासात पाणी आहे. जलचक्राचा सुंदर व्हिडिओ मिळतो, समुद्र, वाफ, ढग, पाऊस. माणच्या मुलांनी समुद्र पाहिलेला नसतो आणि पाऊस फार बेतानं. 'वॉटर कप' या जलसंधारणाच्या स्पर्धेच्या वेळी तालुक्यातल्या गावांनी श्रमदान केलं, बांध घातले, ते मुलांनी घरातून ऐकलेलं असतं. पाणी इथं घराघरातला विषय आहे. म्हणून मॅडमनी सुरुवात वाडीच्या विहिरीपासून केली. मुलांनी सुताच्या दोरीला दर मीटरला गाठ मारली, टोकाला दगड बांधला, आणि दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी सर आणि एक पालक काठाशी थांबतात तेव्हा दोरी सोडतात. दगड पाण्याला लागला की मोठ्यानं गाठी मोजायच्या आणि ओल्या दोरीचा फोटो काढायचा.

फोटो कशाला? दोन गटांचं मोजणं जुळलं नाही की पुरावा लागतो, म्हणून. एकदा एका गटानं अकरा गाठी लिहिल्या, दुसऱ्यानं बारा. फोटो मोठा करून बघितला तेव्हा कळलं की दगडाजवळची पहिली गाठ एकानं मोजलीच नव्हती. शून्य कुठं धरायचं, यावर त्या दिवशी चौथीत जो वाद झाला तो पट्टीवरच्या मापनाच्या धड्यात कधीच झाला नसता. मोजमापांचे उभे पट्टे कागदावर कापून भिंतीवर लावलेत. पावसानंतर पट्टे आखूड झाले, पण ओढा वाहिला त्यानंतर लगेच नाही, महिन्याभरानं. का? मुलं हा प्रश्न घेऊन गावातल्या विहीर खोदणाऱ्या एका म्हाताऱ्या बाबांकडे गेली आणि त्यांचं बोलणं रेकॉर्ड करून आणलं. जलचक्राचा व्हिडिओ मॅडमनी त्यानंतर लावला. तो बघताना एक मुलगी उठून म्हणाली, "ह्यात जमिनीच्या आतलं पाणी लई पटकन पळतंय. तसं नसतंय."

मूल पडद्यावरच्या चित्राला दुरुस्ती सुचवतं, या क्षणासाठी शिक्षकाला काय काय करावं लागतं, त्याचा हा हिशेब आहे. व्हिडिओ आधी लावला असता तर त्या मुलीनं तो मुकाट्यानं बघितला असता.

दुसऱ्या मोबाइलवर

मॅडमच्या दुसऱ्या, सिमकार्डवाल्या मोबाइलबद्दलही लिहायला हवं. त्यावर दिवसभर टिंग वाजत असते. पोषण आहार आज किती मुलांनी घेतला ते ॲपवर भरायचं. 'यूडायस' या शाळांच्या सरकारी नोंदींसाठीची माहिती, आधार जुळत नसलेल्या मुलांची माहिती, अमुक दिनाच्या कार्यक्रमाचे फोटो, तमुक प्रशिक्षणाची लिंक. व्हॉट्सॲप गटावर "आज चारपर्यंत" असा निरोप येतो आणि चार वाजेपर्यंत रेंज येत नाही, म्हणून सर मोटारसायकल काढून टेकावर जातात. त्या वेळी चारही वर्ग एकट्या मॅडमकडे असतात.

तंत्रज्ञानानं शिक्षकाचा भार हलका होईल, असं आपण सगळे ऐकत आलो. कागदी तक्ते गेले, पण मागणी वाढली, कारण मागणं आता फुकट झालंय. तालुक्यात बसून एक निरोप टाकला की शंभर शाळांतले शंभर शिक्षक वर्गातून उठतात. शिक्षणात तंत्रज्ञान किती आलं हे मोजताना टीव्ही आणि टॅब मोजतात. या मोबाइलनं वर्गातली किती मिनिटं नेली तेही मोजलं पाहिजे, असं मला फार तीव्रतेनं वाटतं. वजाबाकीवाल्या मुलाजवळ मॅडम ज्या शांतपणे बसल्या होत्या, ती मिनिटं याच गठ्ठ्यातून सोडवून आणलेली होती. परिपाठ संपल्यावर त्या मोबाइल सरांच्या टेबलाच्या खणात ठेवतात आणि मधल्या सुट्टीपर्यंत बघत नाहीत. त्याबद्दल त्यांना बोलणीही खावी लागली आहेत.

पॅनेल

मी होतो त्या आठवड्यात शाळा व्यवस्थापन समितीची बैठक होती. यात्रेच्या वर्गणीतून काही रक्कम उरली होती आणि ती शाळेला द्यायचं गावानं ठरवलं होतं. पालकांना हवा होता मोठा, बोटानं चालणारा पॅनेल. तालुक्याच्या इंग्रजी शाळेत तो आहे. त्या शाळेची पिवळी गाडी सकाळी वाडीच्या फाट्यावर येते आणि दर जूनला इथली एक-दोन मुलं घेऊन जाते.

ही मागणी हौसेची आहे असं समजू नये. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांच्या समूह शाळा करण्याच्या हालचाली शासनानं २०२३ साली केल्या, तेव्हापासून लहान वाड्यांवर पटाची धास्ती आहे. पट टिकला तर शाळा टिकणार, आणि पट टिकतो तो पालकांच्या नजरेवर. पॅनेल त्यांच्या नजरेत भरतो. व्हरांड्यातलं पोतं आणि तडकलेला मोबाइल भरत नाही.

मॅडमना हे सगळं ठाऊक होतं, म्हणून त्यांनी पॅनेलला नाही म्हटलं नाही. त्यांनी आधी रेकॉर्डिंग लावली. तिथं बसलेल्या पालकांच्या मुलांचीच, जूनची आणि आत्ताची. मग विहिरीचे पट्टे लावलेली भिंत दाखवायला चौथीच्या दोन मुली बोलावल्या. पट्टे का आखूड झाले यावर एका बापानं उलट प्रश्न केला, मुलींनी त्याला उत्तर दिलं, त्याला ते पटलं नाही, आणि वाद बराच रंगला. त्यानंतर मॅडमनी आपली मागणी मांडली: थकलेलं वीजबिल, इन्व्हर्टरला नवी बॅटरी, घराघरात पडून असलेले जुने पण चालू मोबाइल, आणि गोष्टींची दीडशे पुस्तकं. "ही पुस्तकं कशाला, ह्यात सगळं आहेच की," आपला मोबाइल दाखवत एक तरुण पालक म्हणाला. "त्यात सगळं आहे, पण तो तुमच्या खिशात आहे," मॅडम म्हणाल्या.

बैठक अंधार पडेपर्यंत चालली. ठरलं ते असं: वीजबिल आणि बॅटरी आधी, मग पुस्तकं. मोबाइल प्रत्येकानं घरी शोधायचे. पॅनेलची तीन ठिकाणची कोटेशनं मागवायची आणि उरलेल्या रकमेत बसलं तर घ्यायचा, नाहीतर पुढच्या यात्रेला. मॅडमनी इतिवृत्तात सगळं याच क्रमानं लिहिलं, मोठ्यानं वाचून दाखवलं आणि उठायच्या आत सगळ्यांच्या सह्या घेतल्या.